वाघर लागली

घर भाड्यानं घ्यायला गेले तेव्हा घरमालक काकांनी मला एकच प्रश्न विचारला.

त्याआधी इंदिरानगरात मी पुष्कळ घरं पाहिली होती आणि प्रत्येक दारात माझी उलटतपासणी झाली होती. एकट्याच का? मिस्टर कुठे असतात? नसतात म्हणजे? माहेर दिंडोरीजवळ आहे तर माहेरी का राहत नाही? कामावरून यायला उशीर होतो का, आणि होतो तर कशामुळे होतो? उत्तरं देऊन देऊन माझ्या जिभेला धार आली होती. काकांच्या फाटकाची कडी काढली तेव्हा मी भांडायच्याच तयारीत होते. ते व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत ताठ बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि घरातल्या घरात पायात बूट. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सुटायची वेळ सांगा, पोहोचायची वेळ सांगा. मधल्या वेळेशी आम्हाला कर्तव्य नाही.”

‘आम्हाला’ म्हणजे कुणाला, ते मला कळलं नाही, कारण त्या घरात ते एकटेच होते. वरची खोली मी त्याच दिवशी घेतली.

काका एसटीत होते. गाडी चालवत नव्हते की तिकिटं फाडत नव्हते. बसस्थानकावर काचेमागे बसून गाड्या पुकारायचे. नाशिकच्या एका अख्ख्या पिढीनं त्यांना कधी पाहिलं नाही, पण ऐकलं मात्र सगळ्यांनी. लहानपणी आईचं बोट धरून मीही तो आवाज ऐकला असणार, सर्दी झाल्यासारखा, नाकातून येणारा, पण एकेक अक्षर सुटं करणारा. काका निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त व्हायला तयार नव्हता. सकाळी मी जिना उतरायला लागले की खालून यायचं, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. पिंपळगावकडे जाणाऱ्या ताई वेळेवर सुटत आहेत.” स्वतः भाजीला निघाले तरी रिकाम्या घराकडे तोंड करून पुकारायचे आणि मगच कुलूप लावायचे. दूधवाल्याला उशीर झाला तर त्याच्या वतीनं स्वतःच दिलगिरी व्यक्त करायचे. सुरुवातीला मला हसू यायचं, मग वैताग यायला लागला. पुढे एकदा ते तापानं पडून होते तेव्हा मी त्या आवाजाशिवाय जिना उतरले, आणि दिवसभर काहीतरी घरी विसरल्यासारखं वाटत राहिलं.

नोकरीभर त्यांनी गावं पुकारली, पाहिली मात्र नाहीत. म्हणून आता पास घेऊन ते एकेक गाव तपासायला जायचे. उतरायचं, स्टँडवर चहा घ्यायचा, पाटी वाचायची आणि त्याच गाडीनं परत. संध्याकाळी मला अहवाल मिळायचा. “कळवण आहे बरं का. मी पाहून आलो.” सटाणा असल्याची खात्री झाली, पेठ असल्याची झाली. सुरगाण्याबद्दल मात्र त्यांचा संशय शेवटपर्यंत फिटला नाही, कारण गाडी वाटेतच बंद पडली आणि त्यांना परत यावं लागलं.

असा माणूस दिसला की लोक हसून पुढे जातात. मी वरच्या मजल्यावर राहत होते, त्यामुळे मला बाकीचंही ऐकू यायचं. खाली एकच ताट वाजायचं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी बंगळूरला होती, रविवारी तिचा फोन यायचा, आणि फोन झाल्यावर काका कितीतरी वेळ तो तसाच हातात धरून बसायचे. एकदा मला म्हणाले, “सुटणारी गाडी सगळे पुकारतात, ताई. पोहोचली म्हणून कोण पुकारतं? एवढी माणसं आम्ही रवाना केली, पण घरी पोहोचलो म्हणून आम्हाला कुणी कळवलं नाही.” मी काहीतरी बोलून वर गेले. माझ्या पोहोचण्याची वाट पाहणारं तेव्हा मलाही कुणी नव्हतं, आणि त्याची आठवण करून देणाऱ्या माणसाचा रागच येतो.

वणी आहे की नाही ते पाहायला गेले त्या दिवशी काका बसनं परत आले नाहीत. संध्याकाळी फाटकाशी एक टेम्पो थांबला. काकांनी मागचं फळकं उघडलं आणि आतल्या कुणाला तरी अदबीनं म्हटलं, “उतरून घ्या. शेवटचा थांबा.”

उतरला तो एक कुत्रा. कुत्रा कसला, वासरूच. मळकट पांढरा, एक कान फाटलेला, तोंडावरचे केस पिकलेले, मागचा एक पाय विचार करून टेकणारा. गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा. दिंडोरीच्या पुढे रस्त्यात मेंढ्यांचा कळप आडवा आला म्हणून बस थांबली होती. कळप निघून गेला तरी हा कडेला बसून राहिलेला काकांना खिडकीतून दिसला. ते उतरले आणि बुटांसकट धावत जाऊन त्यांनी धनगराला गाठलं. धनगर म्हणाला, “म्हातारा झालाय त्यो. कळपामागं आता चालवत नाय. कुठंतरी वस्तीवर ठेवावा लागंल.” काकांनी विचारलं, “आमच्याकडे ठेवता?” धनगरानं कुत्र्याच्या डोक्यावरून बराच वेळ हात फिरवला आणि दोर त्यांच्या हाती दिला.

नाव खंड्या. काकांनी पहिल्याच दिवशी त्याचं खंडेराव केलं आणि अहो-जाहो सुरू केलं. मी हसले तर मला म्हणाले, “इमानेइतबारे नोकरी करून निवृत्त झालेत. त्यांना अरे-तुरे करायचं?” पट्टाही काढू देईनात. तो म्हणे गणवेश होता.

पण खंडेराव जेवत नव्हते. व्हरांड्यात काकांनी गादी घातली, तिच्यावर ते बसेनात. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत फिरत राहायचे, मधेच थांबून रस्ता न्याहाळायचे, पुन्हा फेरी. दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी पुढे ठेवली की वास घेऊन तोंड फिरवायचे. पाणी तेवढं प्यायचे. बरगड्या दिसायला लागल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी दात पाहिले, पोट दाबलं आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. मी काळजीत पडले, पण काकांकडे कारण तयार होतं.

“त्यांना वाघरू लागतं,” ते म्हणाले.

“काय लागतं?”

“वाघरू. धनगरानं बजावून सांगितलंय. वाघरू मागे लागल्याशिवाय हे अन्नाला शिवत नाहीत. पट्टा पाहिलात ना? लढवय्ये आहेत. झटापट झाल्याशिवाय भूक लागत नसेल.”

आता आमच्याकडे बिबट्या हा काही गोष्टीतला प्राणी राहिलेला नाही. उसातून येतो, मळ्यातून येतो, कधी सरळ कॉलनीतही शिरतो. त्यामुळे काका बिबट्याच्या शोधात आहेत ही बातमी गल्लीत पसरली आणि शेजारच्या बाईंनी संध्याकाळचं फिरणं बंद केलं. काकांनी मोबाइलवर डरकाळी लावली आणि जास्वंदीमागे दबा धरून बसले. खंडेराव लंगडत आले, त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि परत फेरीला गेले. मग काकांनी बाजारातून चक्क एक वाघ आणला. कापडी, पिवळाधमक, लहान मुलांच्या पलंगावर असतो तसला. तो फाटकाशी उभा केला. खंडेरावांनी त्याला हुंगलं, मानेला धरून अलगद उचललं, व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं आणि त्याच्या राखणीला बसले. वाघाचं कोकरू झालं, आणि भाकरी तशीच राहिली.

त्या संध्याकाळी काका खुर्चीत बसून म्हणाले, “आमच्याकडून होत नाही, ताई. उपाशी मारण्यापेक्षा उद्या वस्तीवर सोडून येतो.” आवाज अगदी साधा होता, कुठल्याही म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा. जन्मभर दुसऱ्यांना रवाना करणाऱ्या या माणसानं पहिल्यांदाच कुणाला तरी घरी आणलं होतं, आणि तेही टिकत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, “काका, धनगर नेमकं काय म्हणाला होता? शब्दशः सांगा.”

शब्दशः म्हटल्यावर काका सावरून बसले. घसा साफ केला आणि हुबेहूब धनगराच्या हेलात म्हणाले, “वाघर लागल्याबिगर त्यो तोंड लावायचा नाय.”

मी जिन्यावर बसून हसले. इतकी हसले की खंडेराव फेरी सोडून पाहायला आले.

“काका, वाघरू नाही हो! वाघर. वाघर म्हणजे जाळी!”

मग त्यांना सांगितलं. आमच्या रानातून कांदा निघाला की वडील मेंढरं बसवायचे, खतासाठी. दिवस कलला की धनगराची बायको खुंट्या ठोकून रानात गोल जाळी ताणायची आणि मेंढ्या आत घ्यायची. ती जाळी म्हणजे वाघर. शेवटची मेंढी आत गेली की ती मोठ्यानं हाळी द्यायची, “वाघर लागलीऽऽ!” त्याशिवाय ना चूल पेटायची, ना कुत्र्यांना भाकरी मिळायची. ती हाळी आमच्या घरापर्यंत ऐकू यायची, आणि आईसुद्धा त्याच सुमाराला पानं घ्यायची.

काका खुर्चीत पुढे सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे सगळे पोहोचले, अशी घोषणा?”

“तशीच म्हणा ना.”

“आणि रोज करतात?”

“रोज.”

काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी भाजीच्या गाडीबरोबर एक जुनी जाळी पाठवली. द्राक्षं पाखरांनी खाऊ नयेत म्हणून बागेवर टाकतात ती. मी ती व्हरांड्याच्या खांबांना आणि खिडकीच्या गजांना बांधली, एका बाजूला यायला-जायला फट ठेवली. आत काकांची खुर्ची, खुर्चीशेजारी वाघ. काका खुर्चीत बसले आणि मी बाहेर उभी राहून माझ्या गाठी पाहत होते. काकांनी छाती भरून घेतली आणि अख्ख्या इंदिरानगराला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारलं, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. वाघर लागली.”

खंडेराव जागीच थांबले. कान उभे राहिले, फाटका कानसुद्धा. त्यांनी जाळीभोवती एक फेरी मारली, आत पाहिलं, वाघ पाहिला, काका पाहिले. भाकरीच्या ताटापाशी गेले आणि पुन्हा मान फिरवली. काकांचा चेहरा पडला. मग खंडेराव वळले, लंगडत माझ्या मागे आले आणि नाकानं माझ्या पोटरीला ढोसलं. मी बाजूला झाले. त्यांनी पुन्हा ढोसलं, आता जरा रागानं.

“ताई,” काका म्हणाले, “तुम्ही बाहेर राहिला आहात.”

मी आत गेले. खंडेरावांनी फटीशी उभं राहून एकवार सगळ्यांकडे पाहिलं, ताटापाशी गेले आणि जेवायला लागले. ताट चाटून लख्ख केलं. काका रडत होते आणि मीही रडत होते, आणि आमच्यापैकी कुणी ते लपवलं नाही. लग्न मोडल्यापासून मी कुठल्याच घरच्या मोजदादीत नव्हते. एका म्हाताऱ्या कुत्र्यानं मला ढकलून त्यात घातलं होतं.

पुढे द्राक्षांचा हंगाम सुरू झाला. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये मी पेट्या तपासायचं काम करते, हंगामात तिथून निघायची काही वेळ नसते. फाटकाशी पोहोचायला मला अंधार पडायचा. खंडेराव व्हरांड्याच्या कठड्याशी उभे असायचे आणि काका खुर्चीत. मी आत आले की घोषणा व्हायची, “पिंपळगावहून येणाऱ्या ताई पोहोचल्या आहेत. वाघर लागली.” मग मला म्हणायचे, “खंडेराव खोळंबले होते.” आतल्या टेबलावर काकांचं झाकलेलं ताट मला दिसायचं. त्याबद्दल मी कधी बोलले नाही आणि तेही बोलले नाहीत. माझ्या उशीर होण्याचे लोकांनी आजवर पुष्कळ अर्थ लावले होते, पण माझ्यासाठी कुणाचं जेवण थांबतं हे मला नवीन होतं. ते मला इतकं आवडलं की त्याची भीती वाटायला लागली.

खंडेराव पुढच्या हिवाळ्यात गेले. सकाळी पाहिलं तर वाघाच्या अंगावर मान टाकून निजले होते, आणि ती झोप नव्हती. वडिलांच्या रानाच्या बांधाला, मेंढरं बसायची तिथे, त्यांना पुरलं. पट्टा काकांनी स्वतः काढला. “आता खरे निवृत्त झालात,” एवढंच म्हणाले. परत येताना गाडीत त्यांनी काहीही पुकारलं नाही, आणि त्या दिवशी जाळी तशीच गुंडाळलेली राहिली.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना माझे पाय घराकडे वळेनात. इंदिरानगरच्या बोगद्यापाशी उतरून उगाच फळांच्या गाडीवर भाव करत उभी राहिले. शेवटी गेले तर जाळी बांधलेली होती. गाठी वेड्यावाकड्या. आत काका मांडीवर वाघ घेऊन बसले होते. “खंडेराव आता नाहीत,” ते म्हणाले, “तेव्हा खोटं बोलायला जागा नाही. आम्हीच खोळंबलो होतो.” त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही एका टेबलावर जेवलो.

मग काका न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. मुलगी आली आणि त्यांना बंगळूरला घेऊन गेली. तिचंही चूक नव्हतं, इथे कोण पाहणार होतं? गाडीत बसताना काका खाली मान घालून गप्प होते. म्हणून मीच पायरीवर उभी राहून सुरुवात केली, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं,” आणि पुढचं मला पुकारता आलं नाही.

तिथून मात्र रोज संध्याकाळी फोन यायचा.

“पोहोचलात?”

“पोहोचले.”

“वाघर?”

“लागली.”

आणि फोन बंद. तब्येत, हवा, जेवण काही नाही. मधल्या वेळेशी आम्हाला कर्तव्य नव्हतं. खरं म्हणजे जाळी मी केव्हाच गुंडाळून खिळ्याला टांगली होती. एकटीसाठी कोण बांधणार? पण मी दार लावून आत बसलेली असायचे, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं.

एके दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मी केला तर काकांचा मोबाइल बंद. त्याच्या पुढच्या संध्याकाळी मी पिंपळगावला हायवेवर गाडीची वाट पाहत उभी होते, तेव्हा त्यांच्या मुलीचा फोन आला.

“ताई, बाबांना दवाखान्यात ठेवलंय. न्यूमोनिया झालाय. तापात काहीच खात नाहीत हो. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवतात. डॉक्टर म्हणतात आज पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि सारखं वाघाचं काहीतरी बोलतात. वाघ लागला का, वाघ लागला का, असं. भास होतायत म्हणे. तुमच्याशी कधी वाघाचं काही बोलले होते का?”

मला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं. “त्यांच्या कानाला फोन लावा,” मी म्हटलं.

पलीकडे श्वास ऐकू यायला लागला. जड, घरघरणारा. मी शक्य तितक्या मोठ्यानं म्हटलं, “काका, मी पोहोचले. वाघर लागली!”

त्याच वेळी माझ्या मागून एक कंटेनर हॉर्न देत गेला.

मग तो आवाज आला. बारीक झालेला, पण एकेक अक्षर सुटं. “ताई, हॉर्न वाजतोय. तुम्ही हायवेला आहात. पोहोचल्याशिवाय पोहोचली म्हणून पुकारायचं नसतं.”

मुलीनं फोन घेतला. ती रडत होती. “कालपासून पहिल्यांदा नीट बोलले,” म्हणाली. मी म्हटलं, “भात गरम ठेवा. मी घरी पोहोचून फोन करते.”

कंपनीच्या गाडीची वाट न पाहता मी पहिल्या टेम्पोला हात केला. कांद्याचा होता. ड्रायव्हरनं विचारलं, “काय इमर्जन्सी हाय का ताई?” मी म्हटलं, “घरी जायचंय.” त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग टेम्पो असा हाणला की कांदे मागे उड्या मारत होते. बोगद्यापाशी उतरले आणि पळत सुटले. खिळ्यावरची जाळी काढली, जशी जमेल तशी बांधली. खालच्या घराच्या किल्ल्या माझ्याकडेच असायच्या. आतून वाघ आणला, खुर्चीशेजारी ठेवला, फटीतून आत जाऊन काकांच्या खुर्चीत बसले आणि धापा थांबेपर्यंत थांबले. मग फोन लावला.

“काका.”

पलीकडे तोच जड श्वास. ते ऐकत होते. मी फोन जरा पुढे धरला. शेजारच्या बाईंच्या कुकरची शिट्टी झाली, कुणाचं तरी फाटक वाजलं, जास्वंदीत चिमण्या भांडत होत्या. हे आवाज त्यांच्या ओळखीचे होते.

मग मी ताठ बसले आणि त्यांच्यासारखा नाकातून आवाज काढला. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. पिंपळगावहून येणाऱ्या ताई इंदिरानगरला पोहोचल्या आहेत. सगळे आत आहेत. वाघर लागली.”

मग वाटीवर चमचा वाजला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला.

“जेवतायत,” मुलगी अगदी हळू म्हणाली.

त्यानंतर काका फार दिवस राहिले नाहीत, पण होते तोवर रोज संध्याकाळी जेवले. त्या पहिल्या संध्याकाळी मी फोन ठेवला, वरून भाकरी आणली आणि तिथेच जाळीच्या आत बसून जेवले.